खिशात पाना बाळगणाऱ्याची थोरवी

सायकलची सीट पाच मिलिमीटर वर घ्यावी की आहे तिथंच ठेवावी, या प्रश्नावर अख्खा रविवार घालवणाऱ्या माणसाला वाशीममध्ये लोक वेडा म्हणतात. म्हणोत. मी त्या माणसाची स्तुती करायला बसलो आहे आणि ती हातचं काही न राखता करणार आहे. सायकल ही सगळ्यांच्या ओळखीची वस्तू आहे, पण तिच्यावर नीट बसायचं कसं हे फक्त या वेड्याने मनावर घेतलं आहे. बाकीचे आपण नुसते चढतो आणि निघतो.

हा माणूस ओळखायला सोपा आहे. पाटणी चौकातून अकोला नाक्याकडे जाताना तो मध्येच पायडल मारायचं थांबवतो, कडेला लिंबाच्या सावलीत उतरतो, सीटखालचा नट सैल करतो, सीट जराशी मागे सारतो, नट आवळतो, चढतो, थोडं अंतर जातो आणि परत उतरतो. मागून येणारा ओळखीचा विचारतो, "पंक्चर झाली का?" हा म्हणतो, "नाही, सीट." ओळखीचा पुढे जातो आणि ही बातमी गल्लीभर सांगतो. सायकलच्या दुकानात गेला, तर मिस्त्री हातातल्या ट्यूबवरची नजर न काढता म्हणतो, "काहाले एवढं करून राह्यले भाऊ? सीट बसाले असते, मोजाले नाही."

पण त्याच्या पिशवीत मोजायचं सगळं सामान असतं. गवंड्याकडून आणलेली छोटी पाणलेव्हल, शिंप्याची टेप, दोरीला बांधलेला ओळंबा आणि एक वही. वहीत रकाने पाडलेले असतात: तारीख, सीटची उंची, किती पुढे, किती मागे, टोक वर की खाली, आणि शेवटचा रकाना, कुठे दुखलं. हा शेवटचा रकाना मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे माणूस पिकाच्या पानावरचा डाग वेळीच ओळखतो, मोटरसायकलच्या इंजिनाचा बदललेला आवाज ओळखतो, पण स्वतःचा गुडघा आतून दुखतो की बाहेरून, हे त्याला डॉक्टरने विचारेपर्यंत ठाऊक नसतं. सीटवेड्याला ते तारखेवार ठाऊक असतं.

आता शहाण्या माणसाची सीट पाहू. शहाण्याचा एकच नियम असतो: सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत. बाजारात गर्दी असते, समोर अचानक गाय येते, सिग्नलला थांबावं लागतं, म्हणून सीट खाली. ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण सायकलचा पायडल खालच्या टोकाला गेला तरी जमिनीपासून जवळजवळ अर्धी वीत वर असतो. त्यामुळे जी सीट थांबण्यासाठी बेतलेली आहे ती चालवण्यासाठी तेवढीच बुटकी ठरते. शहाणा माणूस दिवसातून काही मिनिटं थांबतो आणि उरलेला सगळा वेळ चालवतो. तरी सीट लावतो ती थांबण्याच्या मापाने. गुडघा प्रत्येक फेरीत छातीकडे येतो, मांडी पुरती उघडत नाही, गुडघ्याच्या वाटीवर नको तेवढा दाब पडतो आणि चढ आला की दम गुडघ्यातच अडकतो. पातूरच्या घाटाला अशी सायकल लावली, तर माणूस अर्ध्यात उतरून हातात धरूनच चालतो आणि घाटाला शिव्या घालतो. घाटाचा त्यात काडीचा दोष नाही.

वेडा सीट वर ठेवतो आणि थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय जमिनीवर टेकतो. हे करायला एका संध्याकाळचा सराव पुरतो. तेवढ्या सरावाच्या बदल्यात त्याचे गुडघे वाचतात.

शहाण्याच्या सीटचा दुसरा गुण म्हणजे ती हलत नाही. सायकल घेतली त्या दिवशी दुकानदाराने लावली तिथंच ती आहे, आणि याचा त्याला अभिमान असतो: "आजपर्यंत हात लावायची पाळी नाही आली." पण लोखंडाला न हलण्याची किंमत मोजावी लागते. सीटचा पाईप फ्रेमच्या नळीत उतरलेला असतो. पावसाचं पाणी त्या फटीतून आत झिरपतं, चार पावसाळे जातात आणि पाईप नळीला गंजून धरतो. मग एखाद दिवशी मुलगा मोठा होतो, त्याला सीट वर हवी असते, आणि पाना फिरतो पण पाईप फिरत नाही. रॉकेल ओतून रात्रभर ठेवावं लागतं, सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी पिळावी लागते, शेवटी हातोडी येते. वेड्याच्या सायकलला ही वेळ कधीच येत नाही. तो पाईप दर पंधरवड्याला वर-खाली करतो, वर्षातून एकदा बाहेर काढून पुसतो, ग्रीसचा पातळ हात देतो आणि पाईपवरच्या किमान खोलीच्या रेघेकडे नजर टाकून परत बसवतो. ती रेघ नळीच्या बाहेर दिसली, तर पाईप उपटून किंवा मोडून माणूस पडू शकतो. अनेकांनी ती रेघ आयुष्यात पाहिलेली नाही, कारण त्यांचा पाईप कधी बाहेरच आलेला नाही.

उंचीचं गणित वेड्यांच्या दोन पंथांत वाटलं गेलं आहे आणि दोन्ही पंथ आदराला पात्र आहेत. पहिला पंथ 1967 साली हॅम्ली आणि थॉमस या इंग्लंडमधल्या संशोधकांनी मांडलेल्या मापाला मानतो. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, दोन पायांत पुस्तक वरपर्यंत दाबून धरायचं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. त्या अंतराच्या 109 टक्के एवढी उंची पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत हवी. पायडल अर्थात खालच्या टोकाला. दुसरा पंथ फ्रेंच प्रशिक्षक सिरिल ग्विमार आणि त्यांचा शिष्य ग्रेग लेमाँड यांचा. ते त्याच अंतराला 0.883 ने गुणतात आणि उंची पायडलपासून न मोजता क्रँकच्या मध्यापासून मोजतात. पायाची आतली लांबी 80 सेंटिमीटर आणि क्रँक 17 सेंटिमीटरची धरली, तर पहिल्या पंथाची सीट 70.2 सेंटिमीटरवर येते आणि दुसऱ्याची 70.64 वर. म्हणजे दोन देशांत, दोन पद्धतींनी काढलेलं उत्तर साडेचार मिलिमीटरच्या आत जुळतं. ज्याला हे वेड वाटतं, त्याने आपल्या सायकलची सीट याच मापाने मोजून पाहावी. फरक बहुधा सेंटिमीटरांत नव्हे, बोटांत मोजावा लागेल.

टेप नसेल त्यांच्यासाठी टाचेची रीत आहे, आणि ती कुठल्याही ओट्याजवळ करता येते. भिंतीला हात टेकून सीटवर बसा, पायडल खालच्या टोकाला न्या, त्यावर चवडा न ठेवता टाच ठेवा. पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलायला नको. आता चवडा ठेवा. गुडघ्याला जरासा बाक येईल. एवढाच बाक हवा. गुडघा पुढून दुखू लागला तर सीट बहुतेक वेळा खाली आहे, मागून दुखू लागला तर बहुतेक वेळा वर आहे. एवढी दोन वाक्यं पाचवीच्या पुस्तकात छापली असती, तरी पुष्कळांचं भलं झालं असतं.

उंचीनंतर कल, आणि कलाच्या बाबतीत वेड्याची खरी परीक्षा होते. जुन्या काळ्या सायकलच्या सीटखाली एक जोड असतो, तो जवळून पाहावा. सीटच्या तारा दोन्ही बाजूंनी एका आडव्या खिळीवर पकडलेल्या असतात आणि त्या खिळीवर दातेरी चकत्या समोरासमोर बसलेल्या असतात. नट सैल केला की चकत्या एकमेकींतून सुटतात, सीटचं टोक वर-खाली होतं, आणि बोटांना एक एक दात सरकल्याची बारीक खटकी जाणवते. नट आवळला की दात दातात बसतो आणि सीट पक्की होते. रचना भक्कम आहे. दोन माणसं आणि सोयाबीनचं पोतं घेऊनही ती हलत नाही. पण तिच्यात एक निष्ठुरपणा आहे: कल एका दातापेक्षा कमी बदलता येत नाही. आणि माणसाला जो कल हवा असतो तो बहुतेकदा दोन दातांच्या मध्ये असतो.

शहाणा म्हणेल, एका दाताने काय होतं? बरंच होतं. टोक एक दात खाली गेलं की माणूस दर किलोमीटरला नकळत पुढे घसरतो आणि स्वतःला हातांनी मागे ढकलत राहतो. शेवटी तळवे बधिर होतात, मनगटं भरून येतात आणि दोष हँडलला जातो. टोक एक दात वर गेलं की शरीराचा भार हाडांवरून सरकून पुढच्या नाजूक भागावर येतो, आणि तिथल्या नसा-शिरा दबतात. वेडा काय करतो, तर एक आठवडा वरच्या दातावर काढतो, एक आठवडा खालच्या दातावर, दोन्ही आठवड्यांच्या नोंदी वहीत समोरासमोर लिहितो आणि मग कमी वाईट तो दात निवडतो. पुढे चार पैसे साठले की दोन नटांचा नवा सीटपाईप घेतो, ज्यात पुढचा नट सैल आणि मागचा घट्ट करत कल हवा तेवढाच बदलता येतो. तो बसवल्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते मी नवी मोटार घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

मग रुंदी. माणूस सीटवर मांसावर बसत नाही, दोन हाडांवर बसतो. कमरेच्या खालच्या बाजूला असलेली ही बैठकीची हाडं प्रत्येकात वेगळ्या अंतरावर असतात, आणि बायकांमध्ये सरासरीने थोड्या जास्त अंतरावर असतात. त्या अंतराचा अंदाज बाहेरून, वजनावरून किंवा पँटच्या मापावरून येत नाही. वेडा किराणा दुकानातून पन्हळीदार खोक्याचा तुकडा मागून आणतो, लाकडी पाटावर ठेवतो, त्यावर पाय उचलून बसतो आणि उठतो. खोक्यावर दोन खळगे उमटलेले दिसतात. दोन्ही खळग्यांच्या मध्यबिंदूंतलं अंतर मोजायचं, त्यात साधारण दोन सेंटिमीटर मिळवायचे, म्हणजे सीटची हवी ती रुंदी निघते. खर्च शून्य. पाटावर बसलेल्या बाबांना बघून घरातली मंडळी हसतील, पण बाबांच्या पुढच्या दहा वर्षांच्या बैठकीचा निकाल त्या खोक्यावर लागलेला असतो.

आणि मऊपणा. बूड दुखलं की शहाणा माणूस बाजारात जातो आणि सर्वांत मऊ, जेल भरलेलं, फुगीर कव्हर घेऊन येतो. दुकानात अंगठ्याने दाबून पाहतो, अंगठा आत जातो, त्याला बरं वाटतं. अंगठ्याला बरं वाटणं आणि बैठकीला बरं वाटणं या निराळ्या गोष्टी आहेत. जादा मऊ गादीत हाडं रुतून खाली जातात आणि मधला जेल वर उसळून नेमका त्या भागावर दाबतो ज्यावर भार यायलाच नको. अर्ध्या तासाने मुंग्या येतात. मग शहाणा आणखी मऊ कव्हर शोधतो. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, ही म्हण अशाच खरेदीसाठी केलेली असावी. वेडा मात्र कडक, योग्य रुंदीची, सपाट सीट घेतो, पहिले काही दिवस कण्हतो आणि मग विसरून जातो की आपण कशावर तरी बसलो आहोत. चांगल्या सीटची हीच खूण: ती आठवत नाही.

हे सगळं आपल्या मातीत परकं आहे, असं कोणी म्हणू नये. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलाचा खांदा शेकतात. वर्षभर जूं जिथं टेकलं, तिथं तूप-हळद चोळतात, आणि एरवीही खांदा सुजलेला दिसला की जूं बदलतात, जोत बघतात, त्या बैलाला विश्रांती देतात. जूं बसत नसेल तर बैल नीट ओढणार नाही, हे वाशीमच्या कुठल्याही शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. सीटवेडा हाच न्याय स्वतःच्या अंगाला लावतो. बैलाच्या खांद्यासाठी जी काळजी शहाणपणाची मानली जाते, ती स्वतःच्या बैठकीसाठी घेतली की वेडेपणाची ठरते, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

या वेडाची वंशावळ थोर आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला जॉन बोल्टबी ब्रूक्स नावाचे चामड्याच्या सामानाचे व्यापारी होते. त्यांचा घोडा मेला आणि नवा घोडा परवडेना, म्हणून ते उसनी सायकल घेऊन कामाला जाऊ लागले. सीट इतकी लागली की त्यांनी स्वतःच चामड्याची सीट बनवायला घेतली आणि 1882 मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या कंपनीची बी-सतरा नावाची सीट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात निघाली आणि आजही तयार होते. ताणलेल्या जाड चामड्याची ही सीट नवी असताना पाटासारखी कडक असते. मालकाने तिच्यावर शेकडो किलोमीटर घालवायचे, मधूनमधून मेण-तेल लावायचं, पुढचा स्क्रू अगदी थोडा फिरवून ताण सांभाळायचा, पावसात झाकून ठेवायची. मग चामड्यावर त्याच्याच हाडांचे दोन खळगे पडतात. ती सीट नंतर दुसऱ्या कुणाला लागू होत नाही. आधी महिनोन्‌महिने सोसा आणि मग आयुष्यभर बसा, असा सौदा शहाणा माणूस करणार नाही. करणारे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ करत आले आहेत.

आणि या संप्रदायाचा शिरोमणी म्हणावा असा माणूस बेल्जियममध्ये होऊन गेला नाही, आहे: एडी मर्क्स. टूर द फ्रान्स पाच वेळा, जिरो द इटालिया पाच वेळा जिंकलेला हा गडी. 1969 साली पहिली टूर जिंकल्यावर काही आठवड्यांतच, 9 सप्टेंबरला, ब्लुआ इथल्या शर्यतीत त्याचा भीषण अपघात झाला. त्याच्यापुढे मोटरसायकल चालवणारे फर्नांड वाम्ब्स्ट त्यात दगावले. मर्क्सच्या कमरेची ठेवण तेव्हा बिघडली, आणि सायकलवर पुन्हा कधी पहिल्यासारखं बसता आलं नाही, असं त्यानेच पुढे सांगितलं. त्यानंतर तो सीटच्या उंचीच्या पाठीमागे लागला तो लागलाच. शर्यतीच्या ऐन धावपळीत पाना काढून सीट वर-खाली करणारा मर्क्स लोकांनी पाहिला आहे. दुखऱ्या कमरेने, रोज नवी उंची शोधत, त्याने पुढे आणखी चार टूर जिंकल्या आणि 25 ऑक्टोबर 1972 ला मेक्सिको सिटीत एका तासात 49.431 किलोमीटर सायकल चालवून विश्वविक्रम केला. सीटशी खेळत बसणारा माणूस पुढे जात नाही, असं म्हणणाऱ्याने हा आकडा पाटीवर लिहून ठेवावा.

घराजवळचं उदाहरण हवं तर नागपूरचं घ्या. डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली रेस अक्रॉस अमेरिका ही शर्यत एकट्याने पुरी केली. त्याच वर्षी नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही. त्याआधी 2015 मध्ये नाशिकच्याच महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी जोडीने ती पार केली होती. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटर, आणि एकट्याला साधारण बारा दिवस. झोप नावापुरती, बाकी दिवसरात्र सीट. अशा शर्यतीत पायांची ताकद संपण्याच्या आधी कातडी संपते. बैठकीला पडलेले फोड आणि जखमा ही तिथली नेहमीची गोष्ट आहे, आणि एका मिलिमीटरचा घोळ चौथ्या दिवशी माणसाला सायकलवरून उतरवू शकतो. तिथं मिस्त्री, डॉक्टर, सगळे सीटबद्दल गंभीरपणे बोलतात. कुणी हसत नाही.

आपण हसतो, कारण आपल्याला लाज वाटते. ही गोष्ट सरळ बोलायला हवी. सीट चुकीची असली की जिथं दुखतं, बधिर होतं, कातडं सोलतं, ती जागा चारचौघांत नाव घेण्याची नाही. म्हणून गावातला दूधवाला, पेपर टाकणारा, शाळेतली मुलगी, कुणीच कधी तक्रार करत नाही. 1997 साली अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ आयर्विन गोल्डस्टीन यांनी सीटच्या दाबाने पुरुषांच्या नाजूक भागातल्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते, असं जाहीरपणे सांगितलं तेव्हा तिकडेही मोठा गहजब झाला. पण त्यातून मधोमध खाच असलेल्या सीटा घडल्या. पुढे तिथल्या सरकारी कामगार-आरोग्य संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना पुढचं टोकच नसलेल्या सीटा देऊन पाहिल्या, आणि सहा महिन्यांत बधिरपणाच्या तक्रारी पुष्कळ घटल्या. बोलल्यामुळे एवढं साधलं. सीटवेडा आपल्या भाषेत, आपल्या चौकात हेच बोलतो आहे. "नाही, सीट," हे त्याचं उत्तर धाडसाचं आहे.

त्याच्यावर आणखी एक आरोप असतो की हे कधी संपतच नाही. वर्षभर सीट लावतो आहेस, अजून लागली नाही? नाही लागली, आणि लागणारही नाही, कारण माणूस एका जागी थांबत नाही. नव्या चपलेचा तळ जाड असतो, पाय तेवढा लांब होतो. दिवाळीत पोट वाढतं, उन्हाळ्यात उतरतं. चाळिशीनंतर कंबर पूर्वीएवढी वाकत नाही. मे महिन्यात पारा 42च्या पुढे जातो, काळं रेक्झिन तापतं आणि माणूस नकळत टोकावर सरकून बसतो. चामडं सैल पडतं, स्प्रिंग दबते. एकदा लावली की विषय संपला, असं मानणारा माणूस वीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या मापावर बसलेला असतो. वेडा आजच्या स्वतःच्या मापावर बसतो.

हे सगळं मी शर्यती करणाऱ्या हौशी लोकांसाठी सांगत नाही. आमचा जिल्हा 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा झाला, त्यानंतर रस्ते आले, समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून गेला. त्या महामार्गावर सायकलला प्रवेश नाही. सायकल अजूनही गावातून शाळेत जाणाऱ्या रस्त्यावरच चालते, आणि ती चालवतात प्रामुख्याने मुली. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. ही फार चांगली गोष्ट आहे. त्या सायकलमुळे कितीतरी मुलींची शाळा सुटता सुटता राहिली असेल. पण आठवीत मिळालेली सायकल बारावीपर्यंत वापरायची असते, आणि या चार वर्षांत मुलगी वाढते. सीट वाढत नाही. बारावीतली उंच मुलगी आठवीच्या उंचीवर गुडघे वर काढून, पाठीवर दप्तर घेऊन, समोरच्या वाऱ्यात पायडल मारते आणि घरी येऊन म्हणते, पाय दुखतात. घरचे म्हणतात, सायकलनं दुखणारच. सायकलने दुखत नाही. दोन नटांनी दुखतं, आणि ते दोन नट फिरवायला कुणाला वेळ झालेला नसतो.

एकाच सायकलवर बाप शेतात जातो, मुलगी शाळेत आणि आई बाजारात, अशी घरंही पुष्कळ आहेत. तिथं वेड्याची युक्ती कामी येते: सीटच्या पाईपवर ऑइलपेंटच्या तीन बारीक रेघा, तीन रंगांच्या. लाल बापाची, हिरवी मुलीची, पिवळी आईची. निघताना पाईप आपल्या रंगावर आणायचा आणि नट आवळायचा. मिनिटभराचं काम आहे. ज्या घरात ताटं वेगळी, चपला वेगळ्या, तिथं सीटची रेघ वेगळी असायला काय हरकत आहे?

म्हणून माझं मागणं मोठं नाही. 3 जूनला जागतिक सायकल दिन असतो, फेऱ्या निघतात, फलक धरतात, फोटो होतात. ते होऊ द्यावं. पण विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, त्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक शाळेने सायकलस्टँडवर एक पाना, एक ग्रीसची डबी आणि गावातला एक सीटवेडा बसवावा. तो प्रत्येक मुलीला टाचेची रीत करून दाखवेल, गंजलेला पाईप सोडवेल, टोक आडवं करेल आणि वहीत तिचं नाव, उंची आणि शेवटचा रकाना भरेल. कुठे दुखतं, हे तिला कदाचित पहिल्यांदाच कुणी विचारत असेल. म्हणून त्या वहीशेजारी एखाद्या बाईंनीही बसावं. पानं उलटत जातील तशी दुसऱ्या वर्षी वही पाहून सीट आधीच वर घेता येईल.

वेड्यांची आपल्याकडे कमी नाही. त्यांना बोलवायचं मात्र कुणाला सुचलेलं नाही. या जूनमध्ये बोलवा. पाना ते स्वतःचा घेऊन येतील.